बाहेरून घातलेलं कुलूप

शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सगळे खुंटा म्हणत, कारण तो एकदा खुर्चीत बसला की बसला. बापाच्या पायाला मात्र भिंगरी. धार लावायचं चाक खांद्यावर टाकून त्याने जन्म गावोगावी काढला आणि हातपाय थकल्यावर नाइलाजाने मुलाकडे दुसऱ्या मजल्यावर राहायला आला.

मध्यंतरी एका सकाळी म्हातारा चाकासकट नाहीसा झाला. परक्या गावच्या पोलीस चौकीतून त्याला सोडवून आणावं लागलं. तिथे ठावठिकाणा विचारला, तर त्याने "रस्ता" म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून खुंटा कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालू लागला. काळजीपोटीच. म्हातारा भांडला नाही. त्याने आधी जेवण निम्म्यावर आणलं, मग बोलणं बंद केलं. तो असाच खंगून जाणार, हे खुंट्याला दिसत होतं, पण कुलूप काढायचा धीर होत नव्हता.

कचेरीची रीत अशी की कोणताही अर्थ घरच्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय छापायला द्यायचा नाही. खुंट्याच्या वाट्याला 'व्हॅगाबाँड' हा जुना इंग्रजी शब्द आला होता. जेवताना त्याने वाचलं, "घरदार नसलेला, भटक्या, उनाड, लुच्चा."

"हे सगळं एकाच माणसाला?" म्हाताऱ्याने तोंड उघडलं.

"शब्द मूळचा लॅटिन, आप्पा. तिथे नुसतं भटकणं. लुच्चा वगैरे मागाहून चिकटलं."

"कुणी चिकटवलं?"

"घरात बसलेल्यांनी," खुंटा म्हणाला, आणि त्याचा घास हातातच राहिला.

म्हाताऱ्याने त्या दिवशी ताट स्वच्छ केलं.

सकाळी खुंट्याने कुलूप खिशात घातलं आणि दार नुसतं ओढून घेतलं. कामात काही त्याचं लक्ष लागेना. संध्याकाळी येऊन बघतो तर दार उघडं, खोली रिकामी आणि कोपऱ्यातलं चाकही गायब. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, म्हणत तो मटकन खाली बसला. तेवढ्यात खिडकीतून चाकाची घरघर आली. खाली मागच्या गल्लीच्या तोंडाशी म्हातारा ठाण मांडून बसला होता आणि समोर सुऱ्या-कात्र्या घेऊन शेजारीपाजारी.

खुंटा स्वयंपाकघरातली बोथट सुरी घेऊन खाली उतरला आणि रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा म्हाताऱ्याने मान वर केली नाही.

"घरचं शेवटी," तो म्हणाला. "थांब तिथेच. बरोबरच वर जाऊ."