डोमाजीची वर्दी

डोमाजीनं बावीस वर्षं टपालाची थैली खांद्यावर घेऊन डोंगर तुडवला होता. सालईखेड्याहून निघायचं, दोन घाट ओलांडून सहा कोसांवरचं तालुक्याचं गाव गाठायचं. चढ चालत, सपाटी पळत, उतार टाचा रोवत. मग सडकेनं मोटार धावू लागली, टपाल तिच्यातून गेलं, आणि पन्नाशीतला डोमाजी लोकांच्या शेतात कापूस वेचू लागला.

छप्पन सालच्या दिवाळीनंतर गावात पटकी शिरली. चार दिवसांत पाच माणसं गेली. मोटारवाले गावाजवळ गाडीच थांबवेनात. तीन आठवड्यांपूर्वी राज्यं नव्यानं आखली गेली होती. डोंगरापलीकडचा तालुका मुंबई राज्यात गेला, सालईखेडा अलीकडं आंध्रात राहिलं. आता साथीची वर्दी द्यायची ती आदिलाबादला, अठरा कोसांवर. पोलीस पटेल लक्ष्मणरावांनी वर्दीचा कागद लिहून डोमाजीच्या हातात दिला. म्हणाले, पलीकडच्या दवाखान्यातच जा, ते आपल्याला ओळखतात.

डोमाजीचा पाय उचलेना. त्याच्या बायकोला, बयनाबाईला, पहाटेपासून ढाळ लागले होते. शेजारची भागाबाई तिच्या उशाशी बसली होती. बयनाबाईनंच डोळे उघडले. "जा तुमी. इथं बसून काय करसान?"

तांबडं फुटताच तो निघाला. पहिल्या घाटात सागाची वाळकी पानं पायाखाली इतकी वाजत होती की कुणी मागून येतंय असं वाटावं. माथ्यावर पोचताच त्यानं धोतर खोचलं आणि धाव घेतली. टपाल सुटल्यापासूनच्या दोन वर्षांत छाती आखडली होती. पूर्वी ज्या सपाटीवर तो दमत नसे, तिथं त्याला दोनदा उभं राहावं लागलं. दुसऱ्या उतारावर दगड निसटला, अंगठ्याचं नख उपसून आलं. त्यानं फेट्याची चिंधी फाडून बोट बांधलं आणि लंगडत पळत सुटला.

सूर्य वर चढला तेव्हा तो दवाखान्याच्या पडवीत उभा होता. कारकुनानं कागद वाचला, गावांची नवी यादी काढली आणि कागद परत सरकवला. सालईखेडा आता त्यांच्या इलाख्यात नव्हतं. लस द्यायला टोचणीवाला धाडायचा तर हुकूम लागणार होता, तोही आदिलाबादहून.

"साहेब, मानसं मरून राह्यली," डोमाजी म्हणाला.

"समजतं मला. पण मी काय करू?" कारकून म्हणाला, आणि खरंच तो काही करू शकत नव्हता.

डोमाजी पायरीवर बसला. वामनराव कंपाउंडर मागच्या दारानं आले. टपालाच्या दिवसांपासूनची ओळख. त्यांनी कागदात बांधलेली, पाणी शुद्ध करायची लाल दवा त्याच्या हातात दिली. सगळी विहिरीत टाक, म्हणाले, आणि पाणी उकळून पाज. माझं नाव घेऊ नको.

परतीचा चढही तो पळाला. पळणं कसलं, झाडाला धरून अंग वर ओढणं. शेवटच्या माथ्यावरून गाव दिसलं आणि नाल्याकाठच्या मसणवटीतला धूरही. दोन ठिकाणी होता.

विहीर गावाच्या तोंडाशीच. तिथं बायका पाणी शेंदत होत्या. घर पुढं दोनशे पावलांवर. डोमाजी क्षणभर घुटमळला. मग त्यानं दोर धरून ठेवला, भरलेल्या घागरी ओतायला लावल्या आणि पुडा विहिरीत सोडला. बादलीनं पाणी वरखाली घुसळत राहिला. सगळं पाणी जांभळट झालं तेव्हाच तो घराकडं वळला.

भागाबाई दारातच उभी होती. "आताच गेली, भाऊजी. तुमची वाट पाहून राह्यली होती."

त्यानंतर गावात दोनच माणसं दगावली. आदिलाबादचा टोचणीवाला दहाव्या दिवशी आला. त्याचं तेलुगू कुणाला कळेना, म्हणून तो हिंदीत बोलू लागला. विहिरीत दवा कुणी टाकली, ती कुठून आणली, असं त्यानं कागदावर लिहून घ्यायला विचारलं.

"म्या टाकली," डोमाजी म्हणाला. कुठून आणली ते त्यानं सांगितलं नाही. टोचणीवाल्यानं तेवढी जागा कोरी सोडली आणि टोचायला डोमाजीचा दंड पुढं ओढला.

त्यानंतर डोमाजी बारा वर्षं जगला. विहिरीशी आपण किती वेळ उभे होतो, एवढंच तो भागाबाईला अधूनमधून विचारी. ती दर वेळी म्हणे, "लई नाई, भाऊजी." त्याला ते पटत नसे.