‘गेव्ह अप’ तसंच राहू दे

स्टाफरूममध्ये आज कुणीतरी अर्धापूरच्या केळ्यांची फणी आणून ठेवली. त्या पिकल्या वासानं मला थेट नांदेडला, माझ्या गाईड मॅडमच्या घरी नेलं.

इंग्रजी फार बोलीतलं आहे म्हणून माझ्या प्रबंधाचा मसुदा एकदा परत आला होता. मॅडम मूळच्या जळकोटच्या. केळं सोलून माझ्या हातात देत म्हणाल्या, “खा आधी. मग ‘फाइंड आउट’ काढ, ‘इन्व्हेस्टिगेट’ लिही. ‘कॅरी आउट’च्या जागी ‘कंडक्ट’. घरी कसंबी बोलतो, पण अर्ज अर्जासारखाच लिहितो ना आपण?”

मी घाईनं सगळंच बदलत सुटले. प्रबंधासाठी घेतलेल्या मुलाखतींतल्या एका बाईच्या मराठी वाक्याचं मी केलेलं ‘आय गेव्ह अप स्कूल’ हे भाषांतरसुद्धा खोडून ‘डिसकंटिन्यूड’ केलं. मॅडमनी माझा हात धरला.

“हे न्हाई. हितं तू नाही, ती बाई बोलून राहिली. तिचं तसंच राहू दे.”

मुलाखतींत नावं नव्हती. ती बाई माझी आई आहे, हे मॅडमना ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी जुनं वाक्य स्वतःच्या सुंदर अक्षरात परत लिहिलं.

प्रबंध मंजूर झाल्यावर ते वाक्य मी आईला परत मराठीत सांगितलं, ‘मी शाळा सोडून दिली.’

“हाव,” ती म्हणाली, “असंच म्हणलं होतं मी.”