खोट्या लग्नाचा धूर

ताऊसमावशी, तू असतीस तर म्हणाली असतीस, "कागद कसले काळे करतेस, लाकडं आण." पण तुझी गोष्ट सांगायची तर तुला "ती" म्हणायला हवं, आणि मलाही. स्वतःचा मूर्खपणा लांबून बघायला सोपा जातो.

तर ताऊस. अल्जीरियातल्या जुर्जुराच्या डोंगरातली विधवा, चार शेळ्या, सहा अंजिराची झाडं, अक्षरशत्रू. स्वातंत्र्याच्या लढाईत तिच्या गावाकडे एकच काम होतं: वर लपलेल्या आपल्या तीस जणांना जेवण पोचवायचं. ते "नीट लावून द्यायला" अल्जीयर्सहून कॉलेज सोडून एक मुलगी आली, वही घेऊन. तिला चूलही पेटवता येत नव्हती.

त्या हिवाळ्यात खालच्या चौकीवरून फ्रेंच शिपाई धूर मोजायचे. जास्त चुली दिसल्या की झडती. त्यात बर्फ पडलं आणि वरचे तीस जण दोन दिवस उपाशी राहिले. मुलीनं तोड काढली, लग्न! लग्नघरी कितीही चुली चालतात. नवरी ती स्वतः. नवरा म्हणून ताऊसनं पलीकडच्या गावच्या बलईदचं नाव दिलं. तो फ्रान्सात कारखान्यात आहे असा चौकीवाल्यांचा समज. होता वर, त्या तिसांतच. नवरा दूर असला तरी आमच्यात लग्न अडत नाही.

"धूर बघून पाहुणे येतील गं," ताऊस म्हणाली.

"आमंत्रणच नाही तर कोण येईल?"

"शहरात शिकलीस ना, दिसतंच आहे."

दुपारपर्यंत तीन गावं येऊन बसली. दारातून पाहुणा परत पाठवणं आमच्यात होत नाही, आणि फाटकाशी शिपाई बघत उभा. वाफवलेल्या रव्याचा, कुसकुसचा ढीग खचत चालला. नवरीनं बोलायचं नसतं, म्हणून मुलगी लोकरी झगा डोक्यावरून घेऊन दात खात बसली.

"रड आता," मेंदी लावताना ताऊस कुजबुजली. "नवरी रडते."

"मला राग आलाय, मावशी!"

"चालेल. लांबून सारखंच दिसतं."

मग ताऊस बायकांच्या रांगेत शिरली आणि वर कोण उपाशी आहे, एवढंच एकेकीच्या कानात सांगत गेली. लाकडी चमचे थांबले. "पोट भरलं बाई!" लग्नातला आपला वाटा फडक्यात बांधून घरी न्यायची रीतच आहे. गाठोडी घेऊन बायका शिपायाच्या नाकासमोरून निघाल्या, आणि ओढ्याच्या वळणावरून डोंगर चढल्या. दिवस मावळायच्या आत तीसही जण जेवले.

मुलीच्या वहीत चुली, भांडी, मीठ, सगळं होतं. चौकीसमोरून जेवण बाहेर कसं काढायचं, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

बलईदची आई मात्र शेवटपर्यंत बसून होती. "मला न विचारता लग्न? असू दे. पोरगी वाळकी आहे, पण भरेल." आणि स्वतःच्या खांद्यावरची चांदीची पिन काढून तिनं सुनेच्या खांद्याला लावली.

पिन परत देऊन खरं सांगायचं ठरलं. "शिकलेली तू, तू सांग." "नाव तू दिलंस, तू सांग." वसंत यायच्या आत बलईद मारला गेला. मग तर जीभच उचलेना. "लढाई संपली की जाऊ," तू म्हणालीस. लढाई संपली. म्हातारी दर ईदला सुनेसाठी दहा अंडी धाडायची, आणि आपण दोघी ती उकडून खायचो, पुढच्या ईदला नक्की, असं म्हणत.

पिन माझ्याकडेच आहे, मावशी.