जिन्यावरची बाई

जुना इटालियन भयपट नव्याने स्वच्छ करून ब्लू-रे डिस्कवर आलाय. काल दुपारी लावला.

लहानपणी दादा भाड्याच्या व्हीसीआरवर त्याची कॅसेट लावायचा. फीत झिजलेली, चित्रावर सारख्या मुंग्या. बाई जिना चढू लागली की दादा माझ्या डोळ्यांवर तळहात ठेवायचा. "काही नाही गं, नुसती चढतेय," म्हणायचा. मग किंकाळी. ती विरली की म्हणायचा, "उघड आता." जिन्यावर नक्की काय होतं, ते मी कधीच पाहिलं नाही.

आता मुंग्या गेल्यात. पडद्यांचा जांभळा रंग, कठड्यावरची धूळ, सगळं लख्ख. पहिल्याच खुनात कळलं, रक्त म्हणजे निव्वळ रंग. याला भ्यायचो आपण? कुणीतरी एकेक चित्र पुसून, ओरखडे भरून हा सिनेमा परत आणलाय. दादाला जाऊन वर्ष होईल; त्याचा आवाज कुठल्याच फितीवर नाही.

बाई जिन्याशी आली आणि माझाच हात डोळ्यांवर गेला. किंकाळी येऊन गेली. संगीतही थांबलं.

मी हात काढला नाही. कुणी "उघड" म्हणालंच नव्हतं.