नाक गेल्यावर मामांनी विचारलेला पहिला प्रश्न

आमचे मामा प्लंबर. पान्यापासून पंपापर्यंत सगळी हत्यारं त्यांच्याकडे होती, पण नाव झालं ते नाकामुळे. नळ गळत असेल तर कुणालाही बोलवा, घरात वास येत असेल तर मामांना, असा लोकांचा सरळ नियम. सख्ख्या भाच्यांपेक्षा परकेच त्यांना जास्त मामा म्हणत.

कामाची पद्धत ठरलेली. घरात शिरले की पंखे बंद, खिडक्या बंद, माणसं बाहेर. चपला काढून, हात पाठीमागे बांधून, परीक्षेच्या वर्गातल्या पर्यवेक्षकासारखे मामा खोल्यांतून फिरत. प्रत्येक जाळीपाशी उकिडवे बसत, डोळे मिटत आणि मग बोट दाखवत. "हे." आंबट वास म्हणजे सिंकखालच्या नळीत तेलाचा थर. कुजका पण साबणाचा म्हणजे केसांचा गोळा. आणि नुसता गटाराचा, थंडगार, म्हणजे जाळीखालच्या वाटीतलं पाणी आटलंय. या वाटीला ट्रॅप म्हणतात. तिच्यात पाणी उभं राहतं आणि गटाराच्या वासावर तेवढंच काय ते झाकण. "न वापरायच्या बाथरूममध्ये आठवड्याला एक मग पाणी ओता आणि कढईतलं तेल सिंकमध्ये ओतू नका," एवढं सांगून मामा निघत.

गिऱ्हाईक काही सांगू लागलंच, तर म्हणत, "तुम्ही कशाला तोंड दुखवता? मी आलोय ना." तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारला नव्हता. वासाबद्दल लोक जे सांगतात त्यात निम्मी शेजाऱ्यांची निंदा असते, असं त्यांचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

मग एकदा मामांना आठवडाभर ताप आला. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. हे कळलं ते दुधामुळे. गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं, आणि मामा शेजारच्याच खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेले. मामी कपडे वाळत टाकायचे सोडून धावत आल्या.

"अहो, घर पेटवाल! नाक काय कुणाला उसनं दिलंय?"

मामांनी करपलेलं पातेलं उचललं, त्यात तोंड घालून हुंगलं, आणि तसंच खाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते सांगता येत नाही.

मामी म्हणाल्या, "लोकांना सांगून टाका."

"सांगू? वासाचं काम आणि नाक बंद, अशी पाटी लावू का दारावर?"

आठ महिने मामा अंदाजावर चालले. पंखे बंद, माणसं बाहेर, डोळे मिटणं, सगळं नाटक जसंच्या तसं. तीस वर्षांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. पण एका घरी त्यांनी ठामपणे सिंककडे बोट दाखवलं आणि मेलेला उंदीर निघाला हातभर अंतरावरच्या कपाटाखाली. त्या घरमालकाने ही गोष्ट इतक्या जणांना सांगितली की उंदीर जिवंतपणी एवढा प्रसिद्ध नसेल. "मामांचं नाक म्हातारं झालं," असं लोक बोलू लागले. आणखी एकदा चुकलं असतं तर धंदाच बसला असता, हे मामांना पक्कं ठाऊक होतं.

अशात टेलरबाईंचं बोलावणं आलं. बाईंचं दुकान म्हणजे तळमजल्यावरच्या त्यांच्या घरातलीच पुढची खोली. शाळांच्या गणवेशांचे दिवस. कपडे घालून बघायची जागा बाथरूमला लागून, आणि तिथून माणसं अर्धी बटणं लावून बाहेर पळत होती. बाईंनी फिनेलच्या बाटल्या रिकाम्या केल्या. पण फिनेलने वास जात नाही, त्याला सोबत मिळते. एक प्लंबर सगळी फरशी उखडायला निघाला होता, त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

"मामा, फरशा नव्या आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोट दाखवाल ती एकच फोडायची. दुसरीला हात लावू देणार नाही."

मामांनी पंखे बंद केले. बाई दुकानाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आतल्या खोलीत फक्त त्यांच्या सासूबाई उरल्या. गुडघ्यांमुळे त्या दिवसभर बाथरूमसमोरच्या पलंगावरच असत, त्यांना बाहेर काढणं शक्य नव्हतं. मामा जाळीपाशी बसले, डोळे मिटले. काहीच नाही. दुसऱ्या कोपऱ्यात बसले. तिथेही काहीच नाही. हातात हातोडी, समोर बावीस फरशा.

"डुलकी लागली काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

मामांनी डोळे उघडले. पलंगाकडे वळून म्हणाले, "आजी, वास कधी येतो?"

"आता विचारतोस? सोमवारी आणि गुरुवारी. वरचे मास्तर यंत्रात कपडे धुतात ना, तेव्हा. आधी ती जाळी घोरते. गुडगुड, गुडगुड. माझे हे घोरायचे तशी. मग घाण सुटते."

"घरात कुणाला सांगितलंत?"

"सुनेला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला मास्तरांचं काहीच बघवत नाही."

मामांनी जाळी उचलून बॅटरी मारली. वाटीत पाणी जेमतेम तळाला. म्हणजे पाणी आटत नव्हतं, वरून यंत्राचं पाणी धाडकन खाली जाताना कुणीतरी ते ओढून नेत होतं. मामा हातोडी तिथेच टाकून गच्चीवर गेले. गटाराच्या नळीत हवा खेळावी म्हणून गच्चीवर एक उघडा पाइप काढलेला असतो. त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी होती, सुतळीचे चार वेढे देऊन नीट बांधलेली.

"मीच बांधली," निवृत्त मास्तर अभिमानाने म्हणाले. "डास येतात त्यातून. सहा महिने झाले, एक डास नाही."

"मास्तर, नाक दाबलं की तोंडाने श्वास घ्यावा लागतो. वर हवा मिळाली नाही, म्हणून नळी खालून बाईंच्या घरातून हवा ओढते. वाटीतलं पाणी त्यातच जातं."

पिशवी सुटली, तिच्या जागी डासांची बारीक जाळी आली. बाईंनी खालच्या वाटीत मगभर पाणी ओतलं आणि मास्तरांनी धुण्याचा वार नसताना यंत्र लावलं. यंत्राने पाणी सोडलं तेव्हा बाई आणि मामा बाथरूममध्ये कान देऊन उभे होते. जाळी घोरली नाही. वाटीतलं पाणी जरासं हललं आणि थांबलं.

बाई खूश. "तुमच्या नाकाला मानलं मामा. लोक उगाच काहीबाही बोलतात."

इथे मान हलवून निघून आलं असतं तर चाललं असतं. मामी अजूनही तेच म्हणतात. मामा म्हणाले, "नाक नाहीये बाई. आठ महिने झाले, काही कळत नाही. तुमच्या सासूबाईंनी सांगितलं."

बाईंनी गळ्यातली टेप हातात घेतली, परत गळ्यात टाकली. "मग वास गेला, हे कुणी ठरवायचं?"

"तुम्ही. खाली बसा, डोळे मिटा. आंबट आहे का?"

"नाही."

"थंड, गटारासारखा?"

"नाही. फिनेलचा आहे थोडा."

"तो दोन दिवसांत जाईल."

शिवणाच्या दुकानात सांगितलेली गोष्ट पोटात राहत नाही. आठवड्यात सगळ्यांना कळलं. दोन मोठ्या इमारतींनी मामांना बोलावणं बंद केलं, ती कामं गेली ती गेलीच. बाकीचे बोलावतात. पूर्वी दहा मिनिटांत उरकायचं तिथे आता दोन तास लागतात, कारण मामा पंखे बंद करत नाहीत, कुणाला बाहेर काढत नाहीत, आणि शेजाऱ्यांची निंदाही पूर्ण ऐकून घेतात. दारात पाऊल ठेवलं की आधी विचारतात, "घरात दिवसभर रिकामं कोण बसतं?"