देवळाचं तोंड कुणीकडे

पौडच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा कासार आंबोलीच्या वाटेवर एका निवृत्त रेल्वे इंजिनिअरांचा बंगला होता. सगळे त्यांना साहेब म्हणत. साहेबांनी मागच्या बागेत छोटी आगगाडी मांडली होती. गुडघाभर उंचीच्या दगडी कट्ट्यावर रूळ, त्यावर चावीचं इंजिन आणि डबे, कडेनं स्टेशन, सिग्नलची केबिन, मालधक्का, कौलारू घरं. दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या शाळेतली मुलं ती बघायला जायची. त्या दिवसाची वाट ती पावसाळ्यापासून पाहत.

एका वर्षी साहेब आजारी पडले आणि सगळा पावसाळा पुण्याला मुलीकडे राहिले. मुळशीचा पाऊस, आणि इमारती झाकायला कुणी नाही. ते परतले तेव्हा स्टेशनचं छप्पर गेलेलं, भिंती फुगून उकललेल्या, केबिनला वाळवी लागलेली. मी सहलीचं विचारायला गेले तर म्हणाले, "यंदा जमायचं नाही, बाई. इंजिन ठीक आहे, पण ओसाड माळावरून गाडी पळवून मुलांना दाखवू काय?"

"इमारती आम्ही करू," मी म्हणाले.

"आम्ही म्हणजे कोण?"

ते मलाही अजून ठाऊक नव्हतं. तसं मी त्यांना जाणवू दिलं नाही.

बाजारात पत्र्याचे कंदील आणि डबे करणारे एक चाचा होते. त्यांना विचारलं. हातातला डबा खाली ठेवत ते म्हणाले, "रोज डबेच करतो, बाई. एकदा स्टेशन करून बघू." दुसऱ्या होत्या मावशी. त्यांचं भातखाचर साहेबांच्या कुंपणाला लागून होतं. पहिल्या रविवारी आम्ही काय मांडलंय ते त्या कुंपणापलीकडून बघत राहिल्या. मग कमरेचा विळा फाटकाशी ठेवून आत आल्या आणि माती कालवायला बसल्या.

माझं पहिलं स्टेशन पुठ्ठ्याचं होतं. रंगवल्यावर फार देखणं दिसलं. पुढच्या रविवारपर्यंत दंवानं त्याचा लगदा झाला. साहेबांनी ते दोन बोटांनी उचललं आणि बाजूला ठेवलं. मला वाईट वाटलं, पण मी त्याच दुपारी वाण्याकडून देवदारी खोकी आणली. त्यांच्या फळ्या कापून, जवसाचं तेल पाजून आम्ही भिंती केल्या. चाचांनी पत्रा ठोकून कौलांसारखी छपरं केली. साहेब खुर्चीत बसून फलाटावरच्या चिमुकल्या गार्डकडे बोट दाखवत. "त्याला वाकून आत जावं लागेल असं दार नको मला."

अशी कामं रंगली होती. एकदा बघते तर मावशींनी स्वतःच्या मनानं एक घर केलेलं. पुढं ओटी, शेजारी गोठा. साहेबांनी विचारलं, "हे कुठल्या स्टेशनचं?"

"आमच्या गावचं. धरनात गेलं त्ये."

"तुमच्या गावाला रेल्वे कुठं होती, मावशी?"

"न्हवती म्हनूनच तर. आता गाव हुतंयच, तर गाडी बी येऊ द्या की."

साहेब हसले नाहीत. बागेतलं प्रत्येक स्टेशन त्यांनी नोकरीत पाहिलेल्या एखाद्या खऱ्या स्टेशनावरून केलं होतं. "नकाशात नसलेलं स्टेशन मी आजवर बांधलेलं नाही," ते म्हणाले.

"मग हे पहिलं," मी म्हणाले.

मग त्यांनी पेरूच्या झाडाखाली रूळ वळतात तिथली जागा दाखवली. मावशींनी तिथं पुढच्या काही रविवारांत आळी उभी केली, पार केला, देऊळ केलं. मग धरणाकाठच्या माले गावाहून आपल्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं. ते एसटीनं आले, फेटा सावरत वाकले, घर न् घर निरखलं आणि म्हणाले, "द्येऊळ उलटं बसवलंस."

"उलटं कसं? त्वांड नदीकडं हुतं."

"नदीकडं पाठ हुती. त्वांड उगवतीला."

"दादा, मी रोज पान्याला जाताना पाया पडत हुते."

"आन मी त्या देवळात निजत हुतो!"

त्यांनी देऊळ फिरवलं, मावशींनी परत वळवलं. भिंत ओली होती. दोघांच्या ओढाताणीत ती मधोमध चिरली आणि कळस मावशींच्या हातात आला. खात्री करायची तरी कशी? गाव इतकं खोल होतं की उन्हाळ्यात पाणी उतरलं तरी वर येत नव्हतं.

दादांनी पिशवी उचलली. "तुजं गाव तूच वसव," म्हणाले आणि फाटकाकडे निघाले. मावशींनी मान वर केली नाही.

मी त्यांच्या मागे गेले. "दादा, एसटीला अजून वेळ आहे. देऊळ पुन्हा करायचंय, तुमच्याशिवाय जमणार नाही. तोंडाचं मागाहून बघू." ते फाटकाला हात लावून थांबले. मग परत आले आणि बहिणीसमोर बसून माती मळायला लागले.

एवढ्यात साहेब उठून घरात गेले होते. ते एक लोखंडी चकती घेऊन बाहेर आले. "इंजिन फिरवून उलट्या दिशेला लावायची चकती आहे ही. माझं इंजिन कधी उलटं फिरवावं लागलं नाही." त्यांनी ती कट्ट्यावरच्या मातीत बसवली आणि पुढच्या रविवारी, दादा पुन्हा आले तेव्हा, वाळलेलं नवं देऊळ तिच्यावर ठेवलं. "ज्याला जसं आठवतं त्यानं तसं फिरवावं."

दादांनी ते उगवतीला वळवलं आणि हात जोडले. मावशींनी नदीकडे वळवलं आणि हात जोडले.

"देवाला चक्कर येईल," चाचा म्हणाले. सगळे हसले. मावशी तर डोळ्याला पदर लावून हसत होत्या. मग तो पदर त्यांनी तसाच धरून ठेवला.

मुलं आली त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. त्यांना इंजिनापुढे दुसरं काही दिसत नव्हतं. मावशी वळणापाशी उभ्या राहून प्रत्येकाला अडवत होत्या, "हात संबाळून, ह्ये आमचं घर हाय. त्यो गोठा." गाडी पेरूखाली आली आणि साहेबांनी बोटानं इंजिन थांबवलं. ज्या गावात कधी गाडी आली नव्हती तिथं ती आली, म्हणून दादांनी फेटा काढून हलवला.

त्यांच्यासोबत मालेचे दोन म्हातारे आले होते. त्यांचीही गावं पाण्याखाली गेलेली. त्यातले एक रुळांच्या कडेनं चालत कुंपणापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "आमचं गाव ह्यांच्या वरल्या अंगाला हुतं. गाडी तितवर न्हाई जात व्हय?"

साहेबांनी कुंपणाकडे पाहिलं, मग मोगऱ्याच्या वाफ्याकडे. "मोगरा हलवावा लागेल," ते स्वतःशीच म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "बाई, रविवारी येणार ना?"

माझ्याकडे तपासायच्या वह्यांचा ढीग पडला होता.

"येणार," मी म्हणाले.