काळ्या वायरींचं काम

माझा मामा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. बाजारात त्याला ‘सायरन’ म्हणतात, कारण एके काळी गावातल्या निम्म्या गाड्यांत चोराला पळवणारे अलार्म त्यानेच बसवले. मामीच्या मते तो घरातही तसाच वाजतो, कारण नसताना.

बाहेरून आणलेला अलार्म गाडीत घालायचा म्हणजे लॉक, दिवे, इंजिन अशा सगळ्यांशी त्याची सोयरीक जुळवावी लागते. मामा त्यासाठी सगळ्या वायरी काळ्याच वापरायचा. चोराने डॅशबोर्ड उघडलाच, तर कुठली वायर कशाची हे त्याला कळू नये. ते फक्त मामाच्या डोक्यात.

मामी म्हणायची, “कुठेतरी लिहून ठेवा हो.”

“आणि ते चोराने वाचलं तर?”

“तुमचं अक्षर? वाचलं तर त्याला आपली मुलगी द्या.”

एके दिवशी बेकरीवाला आपली जुनी व्हॅन ढकलत घेऊन आला. चालता चालता दारं आपोआप लॉक व्हायची, मग सायरन बोंबलायचा आणि इंजिन बंद पडायचं. “भर चौकात अडकलो, काका. लोकांना वाटलं मीच व्हॅन चोरून पळतोय.”

“तुझ्याकडे बघून कोणालाही वाटेल,” मामा म्हणाला आणि थेट ड्रायव्हरच्या दाराकडे गेला. दार आणि गाडीच्या मधल्या रबरी नळीतून वायरी जातात, आणि उघडझाप होऊन त्या तिथेच तुटतात. नळी सरकवली तर लॉकची वायर तुटून शेजारणीला घासत होती. ती जोडली, टेप गुंडाळली. लॉक शहाण्यासारखं वागू लागलं. सायरन मात्र पुन्हा बोंबलला. अलार्मचा डबाच म्हातारा झाला होता. तो काढून, बसवताना तोडलेली इंजिनाची वायर परत थेट जोडायची, एवढंच राहिलं.

मामा उताणा होऊन डॅशबोर्डखाली शिरला. पाय तेवढे बाहेर. मग आतून शिव्या सुरू झाल्या.

“कुठल्या गाढवाने केलंय रे हे? सगळं काळं! वायरिंग केलंय की वेणी घातलीये? कोणाकडून बसवून घेतलंस?”

बेकरीवाला हसला. मीही हसलो. मामाच्या थट्टेला न हसून चालत नाही.

“काय काका, तुमच्याकडूनच की.”

“मी?”

हा आवाज थट्टेचा नव्हता.

“म्हणजे काय! इथेच, या झाडाखाली. वर चहापण पाजलात.”

पाय हलले नाहीत. मग मामा मोठ्याने म्हणाला, “अरे हो हो, गंमत केली तुझी.” आणि मला म्हणाला, “टेस्ट लॅम्प दे जरा.”

टेस्ट लॅम्प त्याच्याच हातात होता.

मी आत शिरलो. एकेका वायरीला लॅम्प लावत, करंट आला की तो पेटतो का बघत, गाडी चालू-बंद करत आम्ही शोधत राहिलो. जे काम मामा चहा निवायच्या आत करायचा, त्याला दुपार झाली. बेकरीवाला खुश होऊन गेला. त्याला काय, व्हॅन चालली म्हणजे झालं.

मामा हात धूत राहिला. हात कधीचे स्वच्छ झाले होते.

“मामीला बोलू नकोस.”

“पहिल्यांदाच झालं का?”

“मागे एक गाडी परत पाठवली. पार्ट मिळत नाही म्हणून सांगितलं.” मग रस्त्याकडे बघत म्हणाला, “गावात किती गाड्या आहेत रे माझ्या? उद्या बंद पडल्या, तर कोणाला समजणार आतलं? ज्या आठवतात, त्या आधी अलार्ममधून मोकळ्या करू.”

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेतल्या बाईंच्या दारात.

“अहो, पण माझा अलार्म छान चालू आहे. मी कुठे तक्रार केली?”

“तुमची तक्रार येईपर्यंत मला धीर नाही, बाई,” मामा हसत म्हणाला. हसण्यात तो अजून पक्का होता.

त्याने डॅशबोर्ड खोलला. मी टॉर्च धरला. काळा झुबका हातात घेऊन त्याने डोळे मिटले आणि बोटं फिरवली. “ही लॉकची,” तो म्हणाला. “ही सायरनची.”

तिसरी त्याने चिमटीत धरली. धरूनच ठेवली.

“फार वेळ लागेल का हो?” बाईंनी विचारलं.

मामाने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.